रोज एक वाक्य

गुलवेन केरद्राँ, वय एकाहत्तर,
सां-नाझेरच्या गोदीत अडतीस वर्षं,
हाडाचा वेल्डर.
कवटीचा एक्स-रे त्यानं खिडकीच्या उजेडात धरला
आणि डॉक्टर तोंड उघडायच्या आत मोजली
अकरा भोकं.
"असलं काम पोरांनी केलं असतं,
तर पत्रा परत उतरवायला लावला असता मी."

मी नदीपलीकडच्या प्रयोगशाळेत असते.
माझ्यासाठी तो शून्य-सत्तेचाळीस.
दोन औषधं हरल्यावर, तिसरंही हरल्यावर
त्याच्या टी-पेशी आल्या आमच्याकडे.
त्याच्याच घरच्या, पण शेजारच्या खोलीतला चोर
न ओळखणाऱ्या.
आम्ही त्यांना एक खूण शिकवली,
वाढवलं, गोठवलं, परत धाडलं.
दहा मिनिटांत पिशवी रिकामी.
त्याची बायको अनाइग म्हणाली, "एवढंच?"

मग रोज सकाळी नर्स विचारायची,
वर्ष कोणतं, शहर कोणतं,
शंभरातून दहा-दहा उतरत या
आणि या कागदावर एक वाक्य लिहा.
(मेंदूला झळ लागली तर आधी अक्षर बिघडतं.)
लोक लिहितात, आज हवा चांगली आहे.
त्यानं लिहिलं: भरती सहा बाराला.
दुसऱ्या दिवशी: भरती सातला.
तिसऱ्या दिवशी ताप चाळीस,
भरती सात पंचावन्नला,
ओळ उतरणीला लागलेली.
चौथ्या दिवशी नुसतं "भर"
आणि तिथून कागदाच्या काठापर्यंत
एक थरथरती शिवण.
पाचवा कागद कोरा.
सहाव्या दिवशी: दहा पन्नासला.
खाली, बारीक अक्षरात:
मधल्या दोन माझ्याशिवाय आल्या.

चौदा महिने.
दहा लाख पेशींत एकही वाईट सापडली नाही.
आम्ही प्रयोगशाळेत केक कापला, त्याला न कळवता.

पंधराव्या महिन्यात रक्तात एक प्रथिन,
नगण्य, दशांशाच्या पलीकडचं.
अहवालाआधीच तो म्हणाला म्हणे,
"कुठंतरी पाणी मुरतंय."
माझ्या पडद्यावर ठिपक्यांचा पुंजका
उजवीकडे असायचा, तो डावीकडे तळाला बसला होता.
दारावरची पाटीच काढली होती त्यांनी.
राहायला तिथंच, फक्त नाव नाही.
आणि आमच्या शिकवलेल्या पेशी
गल्लीत फिरत राहिल्या असतील,
पत्ता पाठ असलेल्या,
बेल कुठली वाजवायची ते न कळणाऱ्या.

म्हणून आता दुसरी खूण, दुसरा रेणू.
याला दोन हात.
एकानं तिचं मनगट धरायचं,
दुसऱ्यानं टी-पेशीला ओढून आणून
समोरासमोर बसवायचं.
पुढचं हाडवैर तुमचं तुम्ही बघा.

पण ही खूण जिभेवरही असते, नखांतही.
उंदरांनी आम्हाला चवीबद्दल काही सांगितलं नव्हतं.
त्यानं सांगितलं.
खारं लोणी: मेण.
अनाइग शिंपले आणते,
तो तोंडात धरतो आणि आठवतो.
डाव्या अंगठ्याचं नख हातमोज्यात राहिलं,
ते त्यानं काडेपेटीत ठेवलंय,
कोणी मागितलं तर पुरावा म्हणून.

काल मी पूल ओलांडून पहिल्यांदाच त्याला भेटायला गेले.
मात्रा एक पायरी वाढवली होती,
म्हणून कागद पुन्हा सुरू.
त्यानं विचारलं, "तुम्ही जोड कुठून मारता? आतून की बाहेरून?"
आतून, मी म्हणाले.
"मग शिवण दिसत नाही.
न दिसणारी शिवण तपासता कशी?"
पुन्हा भोक पाडून,
कमरेच्या हाडात.
तो इतका हसला
की अनाइगनं विणकाम खाली ठेवून
आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

निघताना टेबलावरचा कागद दिसला:
लोण्याला चव नाही. भरती चार वीसला.

पुलावर थांबून मी फोनमध्ये तक्ता उघडला.
चार सोळा.
चार मिनिटं चुकली होती,
त्याची की तक्त्याची.
खाली पाणी फिरत होतं, कुठल्या दिशेनं
ते अंधारात नीट कळेना.
नोंदवहीत मी काही लिहिलं नाही.